समुद्राकडच्या रस्त्याने

बॅगेची चेन मधेच अडकली. दर्शनाने जोर लावला तशी ती कर्रकन सरकली, आणि पहाटेच्या त्या शांत घरात तो एवढासा आवाजही केवढा तरी मोठा झाला. पलंगावर प्राप्तीने कूस बदलली. डोळे किलकिले केले.

"आई, आज ना?"

"आजच. झोप अजून, उठवते मी."

पण समुद्राला जायचं म्हटल्यावर कोण झोपतंय. सहा वर्षांची ती पोर पांघरूण अंगाला गुंडाळूनच खाली उतरली आणि बॅगेपाशी फतकल मारून बसली.

"अगं आई, दोन दिवसांना एवढे फ्रॉक?"

"वाळूत भिजतात गं."

"आणि दोन-दोन स्वेटर? आणि रंगपेटी?"

"थंडी असते तिकडे. बोटींची चित्रं काढ बसून."

प्राप्तीला ते पटलं. तिला आईचं सगळंच पटायचं, आणि दर्शनाला अलीकडे त्याचीच धास्ती वाटायची. ती उठून ओट्याकडे गेली आणि चपात्या पुन्हा एकदा फडक्यात बांधल्या. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा, आणि घरची धुतलेली चादर. दुसऱ्याच्या चादरीवर तिचा विश्वास नव्हता. नर्सच ती.

डोंबिवलीजवळच्या कोपरहून माणगावच्या सरळ रस्त्याने निघालं असतं, तर दुपारच्या जेवणाला दिघीच्या पुढच्या कोळीवाड्यात, सासूच्या दारात पोचता आलं असतं. तिने मुद्दाम समुद्राकडचा लांबचा रस्ता धरला होता. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग फेरीबोटीने खाडीपार. वाटेत एक मुक्काम. प्राप्तीला सहल म्हणून सांगितलं होतं, तेव्हा सहल तरी धड व्हायला हवी. येताना स्कूटरची मागची सीट रिकामी असणार होती. प्राप्तीला जूनपर्यंत आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. हे फोनवर सासूशी बोलून झालं होतं, गावच्या शाळेत विचारून झालं होतं. राहिलं होतं ते फक्त पोरीला सांगायचं.

'अलिबाग गेलं की सांगू,' असं म्हणत तिने स्कूटरला चावी लावली. प्राप्तीला मागे बसवून ओढणीने आपल्या कंबरेशी करकचून बांधून घेतलं. वाटेत पोरीचा डोळा लागला तर तोल जाऊ नये म्हणून.

पनवेलपर्यंत धुकं आणि ट्रक. पेणला चहा. वडखळच्या पुढे ऊन वर आलं आणि पाठीला चिकटलेल्या त्या लहानशा अंगाची ऊब स्वेटरमधून जाणवायला लागली. प्राप्ती दिसेल ते मोठ्याने सांगत होती. मीठ, बगळा, मेलेला कुत्रा, बगळा. दर्शना फक्त "हं" म्हणत होती. अलिबाग आलं आणि गेलं.

नागावला एका नारळाच्या वाडीत खोली मिळाली. वाडीची मालकीण समीक्षा, दर्शनाच्याच वयाची, कमरेला पदर खोचून अंगण झाडत होती.

"मिस्टर मागनं येतायत?"

"नाही. आम्ही दोघीच."

"डोंबिवलीवरनं दोघी, ह्या गाडीवर?" तिने झाडू टेकवला. "माझा नवरा मला अलिबागच्या बाजारात एकटीला सोडत नाही. म्हणतो, हरवशील. म्हटलं, हरवले तर बरंच होईल की तुझं."

दर्शनाला हसू आलं. किती दिवसांनी आलं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"गीझर नाही हां पण," समीक्षा म्हणाली. "सकाळी बादली तापवून देईन. आणि जेवायचा घाट घालू नका, संध्याकाळी पोपटी लावतोय. खायला या."

दिवस कलताना वाडीत मडकं लागलं. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मधे भांबुर्ड्याचा पाला, आणि वर पेटवलेला पालापाचोळा. घरची सात-आठ माणसं भोवती शेकत बसली होती. प्राप्ती समीक्षाच्या सासऱ्यांच्या मांडीला टेकून मडक्याकडे टक लावून होती.

"पप्पा कुठे तुझे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कामाला," प्राप्ती म्हणाली. "आजोबा, मडकं उलटं का ठेवलंय?"

किती सरावाने म्हणाली. जयेश दोन वर्षांपूर्वी सुरतेकडे कामाला गेला होता हे खरं. तिकडे त्याने दुसरं घर केलं, हे प्राप्तीला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच्यावर पुढचा प्रश्न येऊ द्यायचा नाही, एवढं तिला आपोआप कळलं होतं. दर्शनाने शेंग सोलली आणि वाल तोंडात टाकले. गरम होते, म्हणून डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काशीदला त्या पोचल्या तेव्हा किनाऱ्यावर माणसंच नव्हती. पांढरी वाळू, सुरूची झाडं, आणि थंडीतला तो स्वच्छ निळा समुद्र. प्राप्ती चपला भिरकावून धावत सुटली. लाट आली की किंचाळत मागे, लाट गेली की पुन्हा पुढे. दर्शनाने तिचे फोटो काढले. मग दोघींचा म्हणून हात लांब करून एक काढला, त्यात प्राप्ती पूर्ण आली आणि तिचा स्वतःचा अर्धाच चेहरा आला. तोही बरा होता. कुणाला तरी पाठवावा म्हणून तिने फोनवर नावं वरखाली केली. हॉस्पिटलच्या ड्यूटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, गॅसवाला. तिने फोन पर्समध्ये ठेवला.

इथे सांगावं, असं तिला वाटलं. ती वाळूत बसली, प्राप्तीला हाक मारली. पोर धापा टाकत येऊन मांडीत कोसळली. ओले गार पाय, केसांत वाळू.

"आई, आपण दर वर्षी यायचं हां."

"येऊ," दर्शना म्हणाली, आणि तिच्या पायांची वाळू पुसत बसली.

आगरदांड्याच्या फेरीबोटीवर स्कूटर चढवताना तिने फळीवर मधेच ब्रेक दाबला. तिकीट फाडणाऱ्याला ते दिसलं असावं. त्याने हँडलला हात दिला. "ताई, घाबरू नका, बुडणारी बोट दुसरी असते. ती सकाळी गेली." प्राप्ती इतकी हसली की तिला उचकी लागली. खाडी ओलांडायला फार वेळ लागला नाही. लागायला हवा होता.

सासू मनुबाई अंगणातच होती. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या रांगांमधून ती वाकून बाहेर आली. हाताला मासळीचा वास म्हणून तिने नातीला कोपरांनीच जवळ घेतलं.

"किती वाळलीस गो," ती दर्शनाला म्हणाली. "डोंबिवलीत खायला मिलत नाय का?"

"मिळतं. वेळ मिळत नाही."

सासरे परशुराम खाटेवर जाळं विणत बसले होते. त्यांनी प्राप्तीच्या हातात एक मोठा शिंपला दिला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. जयेशचं वागणं कळल्यापासून ते सुनेशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नसत.

जेवण झालं. भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण. प्राप्तीने आजीच्या मागे मागे फिरून पाच-सहा बोंबील स्वतःच्या हाताने वलांडीवर टांगले, मांजराला हाकललं, आणि दुपारी पाय ताणून जी झोपली ती झोपलीच. दोन दिवसांचा वारा अंगात भरला होता.

मनुबाईने ओसरीवर सुपारी कातरायला घेतली. "आताच का आनलीस? शाला संपल्यावर आनाची. काय झालं?"

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या हॉस्पिटलात तिला महिन्यातून आठ-नऊ रात्रपाळ्या असत. त्या रात्री प्राप्ती समोरच्या कलावतीकाकूंकडे झोपायची. दिवाळीनंतर काकू मुलाकडे राहायला गेल्या. सिस्टर इन-चार्जने सांगून टाकलं, नाइट करायची नसेल तर जागेसाठी दुसऱ्या पोरी उभ्या आहेत. एवढं मनुबाईला फोनवर कळलंच होतं. कळलं नव्हतं ते पुढचं.

"मी तिला एका रात्री औषध दिलं आई," दर्शना म्हणाली. "सर्दीचं. झोप येते ना त्याने. सर्दी नव्हती तिला. वजनाप्रमाणे नीट मोजून दिलं, आणि बाहेरून कुलूप लावून ड्यूटीला गेले. दर तासाला वाटत होतं, आता पळत जावं. गेले नाही. सकाळी दार उघडलं तर ती दाराला टेकून बसलेली. शाळेचा ड्रेस घातलेला. बूट उलटे, उजव्याचा डाव्यात. दप्तर पाठीला. म्हणाली, मी कडी वाजवली गं आतून, कुणी आलंच नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं."

अडकित्ता थांबला होता. मनुबाई बोंबलांच्या रांगांकडे बघत होती.

"जयेश लहान होता ना," ती म्हणाली, "तवा मी टोपली घेऊन बाजारात जायाची. हे दर्यावर. पोराला कोन बघनार? कंबरेला दोरी बांधाची नि त्या मेढीला बांधून ठेवाची." तिने हनुवटीनेच ओसरीचा जुना लाकडी खांब दाखवला. "बाजूला वाटीत भात. आयल्यावर बघाची त दोरीनं कंबर सोललेली. सगल्याच बांधायच्या तवा. कोन काय बोलत नव्हतं." मग आवाज खाली आणून, "म्हनून त्याचा पाय घरात ठरला नाय का गो? कोन जाने."

दर्शनाने त्या खांबाकडे बघितलं. वारा आला की सुकत आलेले बोंबील एकमेकांवर घासायचे.

"तुजा काय चुकला नाय," मनुबाई शेवटी म्हणाली. "पोर हितं हाय म्हनजे हाय. आता ऐक. झोपली हाय तवर तू निघ. जाग्या पोराला सोडून जाता येत नाय, मना म्हायती हाय. मीपन झोपल्यावरच बांधाची. उठल्यावर रडंल थोडी, मग मी हाय, मांजर हाय. इसरंल."

परशुराम उठले आणि काही न बोलता स्कूटर सावलीतून काढून माणगावच्या रस्त्याकडे तोंड करून उभी केली. आरसा पुसला. दर्शनाची उद्या सकाळी सातची ड्यूटी होती. आता निघालं तर अंधार पडताना पेण गाठता येणार होतं.

दर्शना बॅग ठेवायला आत गेली. फ्रॉक, दोन स्वेटर, रंगपेटी. प्राप्ती गोधडीवर एका कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं, शिंपला मुठीत. दर्शनाने सवयीने तिचे श्वास मोजले. बरोबर होते. पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि पावलं न वाजवता ती बाहेर आली. सासूच्या पाया पडली. हेल्मेट घातलं. स्कूटरपर्यंत गेली.

ओढणी कंबरेला बांधायला तिने हात मागे नेला आणि मागे कुणी नाही हे तिच्या लक्षात आलं. चावी हातातच राहिली.

झोपवून जाणं सोपं होतं, हे तिला माहीत होतं. एकदा ती तशीच गेली होती. आज औषध नव्हतं, कुलूप नव्हतं, आजी होती, सगळं चांगलंच होतं. पण तासाभराने पोर उठेल, अंगणात येईल, स्कूटर कुठे उभी होती ते बघेल, आणि काही विचारणार नाही. कडी वाजवणार नाही. आई जाते ती आपण झोपल्यावर, एवढंच लक्षात ठेवेल. आणि मग कुठल्याच रात्री धड झोपणार नाही.

"काय र्‍हायला?" परशुरामांनी विचारलं.

"सांगायचं राहिलं."

तिने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. मनुबाई उठून आडवी आली, "अगो, उठवू नको, सुटनार नाय तुज्याच्यानं," आणि मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाली.

"प्राप्ती. ऊठ बाळा. प्राप्ती."

प्राप्ती उठून बसली. गालावर गोधडीचे वळ. आईच्या खांद्याला पर्स, पायांत बूट, हे तिने बघितलं. मग भिंतीशी टेकवलेली आपली तेवढी एकच बॅग बघितली.

"मी घरी चाललेय," दर्शना म्हणाली. आवाज नीट ठेवायला तिला प्रत्येक शब्दाआधी थांबावं लागत होतं. "तू नाही यायचं. तू इथे राहायचं, आजीजवळ. जूनपर्यंत. इथली शाळा आहे, जवळच. मी सुट्टी मिळाली की येणार. हे मी तुला काल सांगायला हवं होतं, परवा सांगायला हवं होतं. सहल म्हणून आणलं तुला. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. म्हणून आता उठवून सांगतेय."

प्राप्ती रडली नाही. तिने शिंपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बाहेर मनुबाई मांजराला उगाचच हाकलत होती.

"रात्री पण आजी असणार?"

"रोज रात्री."

"आणि सकाळी?"

"सकाळी पण. आजोबा पण."

प्राप्तीने मान हलवली. ते तिला पटलं. मग गुडघ्यावर सरकत ती पुढे आली, आईच्या कुर्त्याला चिकटलेली काशीदची वाळू नखाने काढू लागली, आणि वर न बघता तिने विचारलं,

"आणि तू कोणाजवळ राहणार?"