एक छापा, एक काटा

मधल्यानं बाबांच्या तळहातावरची दोन्ही नाणी उचलली आणि मुठीत खुळखुळवली.

"पुन्हा एकदा सांगा," तो म्हणाला.

खुब्याचं हाड जुळून आलं असलं तरी बाबांना यापुढे एकट्यानं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आरामखुर्चीत पाय लांब करून बसलेल्या बाबांनी नियम पुन्हा सांगितला. दोन्ही छापे पडले तर मधल्याकडे राहायला जायचं, दोन्ही काटे पडले तर धाकट्याकडे. एक छापा आणि एक काटा पडला तर ताईकडे. तिघांना सारखाच वाटा.

सकाळपासून दोघे भाऊ "माझ्याकडेच चला" म्हणत होते आणि त्याच दमात आपापली अडचणही सांगत होते. मधल्याच्या घरात बाळ पायात पायात रांगत होतं. धाकट्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. ताईला कुणी विचारलंच नव्हतं. तिचं आणि बाबांचं पटत नाही, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. दुकानादुकानांतून वजनमापं तपासण्यात जन्म घालवलेल्या या माणसानं घरातही कुणाची चूक कधी खपवून घेतली नव्हती. आणि ताई त्यांचीच लेक. नोकरी लागताच ती वेगळी राहायला गेली. आई गेल्यावर बापलेकीचं फोनवर बोलणं व्हायचं, ते औषधांपुरतं.

नियम ऐकून ताईनं मान वर केली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि संभाव्यतेचा धडा लागला की मुलं हटकून इथेच घसरायची. निकाल तीन दिसतात, पण नाणी पडण्याचे प्रकार चार: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. त्यातले मधले दोन्ही तिच्या वाट्याचे. म्हणजे भावांची शक्यता पाव-पाव, आणि तिची निम्मी.

बाबांची चूक त्यांच्या तोंडावर दाखवायची अशी संधी तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. ती पुढे सरकली. मग पुन्हा मागे टेकली आणि चष्मा काढून पुसू लागली.

"मला चालेल," ती म्हणाली.

मधल्यानं नाणी उडवली. फरशीवर दोन्ही छापे पडले. त्यानं चेहरा शक्य तितका हसरा केला.

"एक नाणं खुर्चीच्या पायाला आपटलं," बाबा म्हणाले. "हे धरायचं नाही."

दुसऱ्यांदा नाणी धाकट्यानं घेतली. दोन्ही काटे पडले. यावर बाबांचं म्हणणं असं, की याला उडवणं म्हणत नाहीत. हे नुसतं खाली टाकणं झालं. धाकट्यानं मधल्याकडे पाहिलं. बाबांपुढे वाद घालायची सवय दोघांनाही नव्हती.

ताईचा चष्मा अजून हातातच होता. झालेल्या फेकीचं पुढच्या फेकीशी काही देणंघेणं नसतं, हे ती वर्गात घसा फोडून सांगायची. या खेपेलाही निम्मीच शक्यता. तिला त्या निम्म्याचा आतापर्यंत चांगलाच भरवसा वाटत होता. आता मात्र ती नाण्यांकडे बघायची सोडून बाबांकडे बघत होती.

मधल्यानं नाणी पुन्हा उंच उडवली. एक तिथेच पडलं. दुसरं खुर्चीच्या पायाला ठणकन लागून गरगरलं आणि आडवं झालं. एक छापा, एक काटा.

"झालं," बाबा म्हणाले. "हे ठीक पडलं."

"बाबा, हेही पायाला लागलं की."

"लागलं असेल."

मधला आणखी काही बोलणार होता, पण धाकट्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताईनं चष्मा डोळ्यांवर चढवला, कोपऱ्यातला वॉकर उचलून बाबांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"तुझ्या इमारतीला लिफ्ट आहे ना?" तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"आहे. पण सारखी बंद पडते."

बाबांनी वॉकरच्या दांड्या घट्ट धरल्या.

"पडू दे," ते म्हणाले.