मागच्या घराचं वजन

रेल्वेत बत्तीस वर्षं मी मालगाडीचे डबे तपासले. डबा जास्त भरलाय का, हे चाकाच्या आवाजावरून सांगायचो. त्यामुळे माझी नात अवंती जेव्हा म्हणाली, "आजोबा, दापोलीला निघण्याआधी कॅराव्हॅन काट्यावर घालून बघू या," तेव्हा मी उखडलोच. "ही बघ वजनाची चिठ्ठी. आठशे ऐंशी किलो! मला शिकवतेस?"

चिठ्ठी ब्याण्णव सालची होती. त्या साली बडोद्याच्या वाडी भागातल्या हंबीररावांकडून मी हे चाकांवरचं घर बांधून घेतलं. जीपमागे ते जोडून मी, बायको निरुपमा आणि मुलगा दर मे महिन्यात बडोद्याहून दापोलीला जायचो. काय दिवस होते ते! वाटेत झाड बघून थांबायचं, निरुपमाने स्टोव्ह पेटवायचा, आणि "आ शुं छे?" असं कुतूहलाने विचारत कुणी डोकावलं की त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही. पुढे पुढे तर लोक तिला नावाने हाक मारायचे.

हंबीररावांनी तेव्हाच बजावलं होतं, "विश्वंभरराव, भरलेलं घर गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर जाता कामा नये. नाहीतर कोण कुणाला ओढतंय तेच कळणार नाही." अवंतीची गाडी बाराशे किलोची. म्हणजे घर एक हजार वीसपर्यंत चालेल. आपलं आठशे ऐंशी. झालं की! जीप विकल्यापासून अंगणात उभं असलेलं घर आम्ही जोडलं आणि बडोद्यातल्या मांजलपूरहून सकाळी निघालो.

करजणच्या अलीकडे एक ट्रक झपकन पुढे गेला आणि मागचं घर डोलायला लागलं. आधी थोडं, मग असं की आमची गाडीच डावी-उजवीकडे खेचली जाऊ लागली. अवंतीचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" मी ओरडलो. "नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोड. स्टिअरिंग सरळ धर."

पोरीने ऐकलं. हळूहळू डोलणं थांबलं. माझी सगळी मिजास उतरली होती. माझ्या तोऱ्यापायी एकुलत्या एका नातीचा जीव गेला असता.

पुढच्याच वजनकाट्यावर घर सोडवून चढवलं. काटेवाला म्हणाला, "काका, अगियारसो दस."

अकराशे दहा! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी रिकाम्या घराची होती, आणि आमचं घर कधी रिकामं नव्हतंच. निरुपमाचा दंडकच होता: घर म्हटलं की डबे भरलेले हवेत, तळ दिसला की लक्ष्मी रुसते. अंगणात नुसतं उभं असतानाही तांदूळ, कणीक, डाळ, गूळ सगळं काठोकाठ. मी म्हणायचो, "अगं, गाडीत कोण जेवायला बसलंय?" ती म्हणायची, "गाडी नाही हो, घर आहे ते." आणि हे सगळं मागच्या टोकाच्या स्वयंपाकघरात. शेपूट जड असलं की गाडी डोलणारच, हे मला न कळायला काय झालं होतं?

अवंतीने डबा उघडला. "आजोबा, आजी जाऊन तीन वर्षं झाली. हे तांदूळ तर नवे आहेत. कोण भरतं?"

"उंदीर!" मी खेकसलो. मग खालच्या आवाजात सांगितलं, "मीच. दर दिवाळीला बदलतो."

मी आधी पाण्याची टाकी रिकामी केली, माझी हत्यारांची पेटी उतरवली. काटा दाखवतोय एक हजार पन्नास. अजून तीस किलो जास्त, आणि आता उरलं फक्त स्वयंपाकघर.

"चल, परत जाऊ," मी म्हणालो. "नाही जायचं मला दापोलीला."

"जाऊ या की," अवंती म्हणाली. "पण परत न्यायलासुद्धा हेच ओढावं लागेल ना, आजोबा?"

काट्यामागे मजुरांच्या चुली होत्या, तिथे जाऊन मी हाक दिली. तिथल्या बायकांनी पिशव्या, पातेली, परात, मिळेल ते आणलं. अवंती पुढे झाली, पण मी तिला हात लावू दिला नाही. तांदूळ ओतले, कणीक ओतली, डाळ ओतली. एक म्हातारी म्हणाली, "भगवान तमारुं घर भरेलुं राखे." मी मान हलवली.

नऊशे नव्वद. काटेवाल्याने अंगठा वर केला.

भरूचकडे जाताना ट्रकमागून ट्रक गेले, पण मागचं घर जागचं हललं नाही. अवंतीचे खांदे सैल झाले. आरशात बघत ती हसून म्हणाली, "आजोबा, आता मागे काही आहे असं वाटतच नाही."

आणि मी, या वयात, नातीसमोर हमसून हमसून रडलो.