सहा कॉलेजांचं एक मैदान

तिसऱ्या कॉलेजात पोचेपर्यंत मैदानाला वास यायला लागला होता.

पहिल्या कॉलेजात ते चांगलं होतं. लाल मातीचं, पाणी मारून चोपलेलं, फक्कीच्या रेषा ताज्या. दोन्ही टोकांना खो-खोचे खांब होते, मधल्या ओळीत आठ मुली उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी त्यांच्याभोवती पळत होती. निकम सरांनी टेप लावला, सत्तावीस बाय सोळा मीटर भरलं, आणि सगळे श्रीखंड-पुरी जेवायला गेले. जेवून बाहेर आले तेव्हा चार माणसं मैदान गुंडाळत होती. सतरंजी गुंडाळतात तसं, एका कडेनं, गुडघ्यानं रेटत. खांब आत गेले, मुलीही आत गेल्या. गुंडाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली आणि ट्रॅक्टर समितीच्या जीपच्या पुढे निघून गेला, कारण दुसऱ्या कॉलेजात मैदान समितीच्या आधी पोचायला हवं होतं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सारिका येवलेला वाटलं, पण ती समितीत नवी होती. नव्या माणसानं पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये, असं तिला तिच्या प्राचार्यांनी बजावून पाठवलं होतं.

समिती तिघांची. अध्यक्ष काळभोर सर, टेप धरणारे निकम सर, आणि नियमात एक बाई लागते म्हणून सारिका. जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडा मंडळात यंदा नवीन कॉलेजं घ्यायची होती. अर्ज सहा आले होते. स्वतःचं मैदान नसेल त्या कॉलेजाला मंडळात घ्यायचं नाही, हा एकच कडक नियम. कागदही एकच होता. सहाही नावं त्यावर एकाखाली एक, आणि तळाला तीन सह्यांची जागा. एक सही राहिली की सहाही नावं बाद. सारिका घरी चारपर्यंत येते म्हणून सांगून निघाली होती. घरी सासूबाईंजवळ तिची पाच महिन्यांची जाई होती.

दुसऱ्या कॉलेजात मुलींच्या पहिल्या जर्सीवर दुसरी जर्सी चढवली होती. आतली निळी, वरची भगवी. काढायला वेळ नव्हता, असं तिथले प्राचार्य म्हणाले आणि हसले. तिथं मटकीची उसळ आणि जिलबी होती. जेवणं चालू असताना नववी मुलगी पाणी प्यायला म्हणून रेषेबाहेर गेली आणि तेवढ्यात माणसांनी मैदान गुंडाळलं. सारिकानं जीपच्या काचेतून मागे पाहिलं. उघड्या पडलेल्या दगडांवर ती मुलगी हातात स्टीलचा पेला घेऊन उभी होती, आणि कॉलेजाचा शिपाई तिला सांगत होता की बाई, आता इथं तुझं काही काम नाही.

म्हणून तिसऱ्या कॉलेजात आठच मुली होत्या. आठही बसलेल्या. तीन-तीन जर्सी अंगात, दंड फुगलेले, हात अंगाला चिकटेनात. नववीची जर्सी कुणी वाया घालवली नव्हती, ती खांबाला चढवली होती. आणि वास. ओल्या गोधडीचा, त्यात आंबलेल्या श्रीखंडाचा, घामाचा, खोबरेल तेलाचा. मैदानाच्या कडेला पिवळे डाग होते. पहिल्या कॉलेजात हात धुवायला नळ लांब होता म्हणून लोकांनी तिथंच बोटं पुसली होती. डागांवर मुंग्या लागल्या होत्या, आणि मुंग्याही पहिल्या कॉलेजापासून बरोबर आल्या होत्या.

निकम सरांनी टेप लावला. मैदान घडीघडीला आकसत होतं, एवढं डोळ्यांनी दिसत होतं. पण टेपही तेवढाच आकसला होता.

“सत्तावीस बाय सोळा,” निकम सर म्हणाले.

“लिहा,” काळभोर सर म्हणाले.

सारिका ओळीपाशी गेली. चौथ्या चौकात बसलेल्या मुलीच्या गुडघ्यातून रक्त येऊन वाळलं होतं. नाव विचारलं तेव्हा मुलीनं निलोफर सांगितलं, पुढं काही सांगितलं नाही. बारीक चणीची, दोन वेण्या वर बांधलेल्या. तिच्या पायांकडे बघूनच सारिकाला कळलं की पोरगी कसदार आहे. स्वतः सारिका विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं खेळली होती, पाय कसे ओळखायचे हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“उठ जरा. पाय मोकळे कर.”

“खो मिळाल्याशिवाय कशी उठू, मॅडम,” निलोफर म्हणाली. “खो द्यायला कुणी राहिलंच नाही.”

तेही खरंच होतं. बसलेलीनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं, हे सारिकाला अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

चौथ्या कॉलेजात मटण होतं. काळभोर सरांनी रश्श्यात भाकरी कुस्करली आणि हाताचा तळवा ताटात फिरवून तीन वाट्या संपवल्या. त्यांच्या ओठांवर सकाळपासूनचं तूप थरावर थर साचलं होतं. बोलताना ते थर एकमेकांवर सरकायचे आणि मध्ये एक बारीक भेग पडून बंद व्हायची. निकम सर दाढेत अडकलेलं काडीनं काढत होते, काढलेलं बघत होते आणि पुन्हा तोंडात टाकत होते. सारिकाच्या ताटात वाढणारे वाढत राहिले आणि ती नुसती बघत राहिली. पाजायची वेळ टळून गेली होती. कुर्त्याच्या आत घडी करून ठेवलेले दोन्ही रुमाल भिजून गार झाले होते, आणि मटणाच्या वासात तिच्याच दुधाचा वास मिसळला होता.

तिनं तिथं विषय काढला. आवाज न चढवता सांगितलं की सर, हे मैदान तेच आहे, सकाळपासून एकच आहे, मुलीही त्याच आहेत.

काळभोर सर रागावले नाहीत. ते कुणावर रागावत नसत, तीच त्यांची ख्याती होती. त्यांनी तिला समजावलं की आपल्याला नियमात एवढंच विचारलंय, मैदान आहे का. पहिल्या कॉलेजात होतं का? होतं. दुसऱ्यात होतं? होतं. आपण गेलो तेव्हा नव्हतं असं एक ठिकाण दाखवा. शिवाय सहा कॉलेजं आली की मंडळ बत्तीसांचं होतं, बत्तीसांना वेगळा विभाग मिळतो, आणि वेगळ्या विभागात मुलींच्या स्पर्धा वाढतात. “तुमच्याच मुलींचं भलं आहे, मॅडम. तुम्ही सकाळपासून जेवला नाहीत, म्हणून तुम्हाला असं सुचतंय.”

निकम सर म्हणाले, “येवले मॅडमना मुलगी आठवत असेल घरची.”

“आठवणारच,” काळभोर सर म्हणाले. “लवकर सह्या, लवकर घरी. जीप काय, सह्या झाल्याशिवाय निघत नाही.”

वाढणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना काय हसू आलं ते सारिकाला कळलं नाही, पण त्यातल्या एकीनं जाता जाता तिच्या ताटात न मागता आणखी एक नळी टाकली.

पाचव्या कॉलेजात तिनं जेवणाचं नावच काढलं नाही. बाकीचे बासुंदी घेत होते तेव्हा ती मैदानाकडे गेली. ते आता एखाद्या वर्गखोलीएवढं झालं होतं. मुलींचे गुडघे एकमेकींच्या पाठीला लागत होते. पाच जर्सींच्या गळ्यांनी त्यांच्या मानेवर वळ उमटले होते. माती बुटाच्या तळाला चिकटायची आणि सोडवताना चपचप आवाज यायचा. सारिका निलोफरच्या मागे वाकली, पाठीवर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, “खो.”

निलोफर हलली नाही.

“तुम्ही रेषेबाहेर आहात, मॅडम. जर्सी पण नाही. तुमचा खो धरत नाहीत.”

मग निलोफरनं मान न वळवता तिला बाकीचं सांगितलं. मैदान त्यांच्या गावचं होतं. एका दिवसासाठी मागून आणलं होतं, संध्याकाळी परत नेऊन अंथरायचं ठरलं होतं. पण आता सहा कॉलेजांचं भांडण लागलं होतं. मंजुरी मिळाली की मैदान सहा जणांचं होणार, आणि ते कुणाच्या दारात अंथरायचं यावर एकमत होईना. म्हणून असं ठरलं की अंथरायचंच नाही. सही झाली की गुंडाळून एका गोदामात उभं करून ठेवायचं आणि कुणी तपासायला आलं तर काढायचं.

“आणि तुम्ही?”

“आम्ही मैदानातच की,” निलोफर म्हणाली. “सही नाही झाली तर गावाला नेतील. तिथं घरचे असतात. कुणीतरी खो देतंच.”

सारिकानं तिच्या गुडघ्यावरच्या मुंग्या हातानं झटकल्या. जाईच्या पाळण्यावर बसलेली माशी उडवावी तसा तिचा हात आपसूक गेला. सही करायची नाही, हे तिनं तिथं वाकलेली असतानाच ठरवलं.

सहावं कॉलेज एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होतं. मैदान टेबलांच्या खालीच अंथरलं होतं, कारण आता ते तेवढंच उरलं होतं. निकम सरांचा टेप बोटाएवढा झाला होता. तो त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्याच लावला आणि सत्तावीस बाय सोळा सांगितलं. मुली टेबलांच्या पायांमध्ये बसल्या होत्या, वाढपी त्यांच्या डोक्यावरून पातेली नेत होते. आमटीचे थेंब त्यांच्या वेण्यांवर पडत होते आणि साईसारखे गोठत होते. जेवणाऱ्यांचे पाय जोड्यांसकट मातीत रुतले होते.

सासूबाईंचा फोन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा मागून जाईचं रडणं ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या की वाटीनं पाजून बघितलं, तोंड फिरवतेय पोर. सारिका म्हणाली, निघतेच आई. काळभोर सरांनी कागद तिच्या ताटापाशी सरकवला. दोन सह्या झाल्या होत्या. दोन्हींवर तेलाचे ठसे होते, कागद तिथं पारदर्शक झाला होता आणि खाली सांडलेला भात दिसत होता.

“मी सही करणार नाही,” सारिका म्हणाली.

“बरं,” काळभोर सर म्हणाले. “मग बसू. आम्ही जेवतोय.”

त्यांनी पुन्हा भात मागवला. निकम सरांनीही मागवला. जीपचा ड्रायव्हर येऊन जेवायला बसला, सहावे प्राचार्य बसले, ट्रॅक्टरवाले चौघे बसले. सगळे सावकाश जेवत होते, आणि त्यांचं जेवण संपण्यासारखं नव्हतं. ताटातला भात उपसला की ताट पुन्हा भरलेलं असायचं. सारिकानं घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. टेबलाखाली निलोफरच्या पाठीला तिचा गुडघा लागत होता आणि त्या पाठीचं थरथरणं सहा जर्सींतून तिला कळत होतं.

मग ती उठली. खांब टेबलाच्या टोकाला होता. नववी मुलगी मागे राहिल्यापासून प्रत्येक कॉलेजानं त्याच्यावर आपापली जर्सी चढवली होती, त्या एकमेकींना चिकटून एकच जाड कातडं झालं होतं. ते तिनं ओढून काढलं. आतून ओलं होतं, कोमट होतं, आणि त्याला सबंध दिवसाचा वास होता. तिनं श्वास रोखून ते डोक्यातून घातलं. तोंडावरून खाली येताना ते तिच्या ओठांना लागलं आणि तिला उमळून आलं, पण पोटात काही नव्हतं. मग ती टेबलाखाली शिरली, रेषेच्या आत आली, निलोफरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “खो.”

निलोफर उठली. गुडघे कडाडले. सारिका तिच्या चौकात उकिडवी बसली, निलोफरचं तोंड जिकडे होतं तिकडेच तोंड करून, भिंतीकडे.

“आता पुढचीला दे,” सारिका म्हणाली. “एकेकीला उठव. मग दारानं बाहेर.”

“हो मॅडम,” निलोफर म्हणाली.

तिची पावलं थोडी पुढे गेली आणि थांबली. सारिकाला भिंत दिसत होती. भिंतीवर कुणीतरी चुना खरडून आपलं नाव लिहिलं होतं. वर सारिकाची रिकामी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पापड मोडल्याचा आला. मग बराच वेळ नुसता खाण्याचा आवाज येत राहिला. भुकेल्या माणसाचं भराभर, नाकानं श्वास घेत खाणं.

“असं जेवायला बसलात की बरं वाटतं, मॅडम,” काळभोर सर म्हणाले. “आमटी घ्या. हा कागद. इथं.”

“निलोफर,” सारिका म्हणाली.

पेनचं टोपण उघडलं. कागदावर पेन चाललं, मध्येच तेलावरून घसरलं, पुन्हा चाललं. टेबलावर राहिलेला सारिकाचा फोन वाजला आणि कुणीतरी उचलला.

“हो आई,” निलोफर म्हणाली. तोंडात घास होता. “झालं काम. निघालेच. रडतेय का? कानाला लावा तिच्या.”

हॉलभर जाईचं रडणं ऐकू आलं. सारिकानं उठायला पायांत जोर घेतला, पण पाय उठले नाहीत. तिच्या पुढच्या चौकात बसलेली मुलगी तोंड उलट्या दिशेला करून बसली होती, मागचीही. टेबलावर निलोफर फोनमध्ये हळू आवाजात काहीबाही बोलत होती, बाळाशी बोलतात तसं, अर्थ नसलेलं, गोल गोल. चार जर्सींतून दूध झिरपलं आणि लाल मातीवर ठिबकलं. माती तिथं काळी पडली, आणि वर फोनमधलं रडणं थांबलं.