चिंचखारचा रोलर

उरण तालुक्यात टेनिस बॉलची कुठलीही मोठी टुर्नामेंट घ्या, माइकवर मी असतो. हितेश घरत. पनवेल, पेण, अलिबाग, पार भिवंडीपर्यंत माझ्या कॉमेंट्रीला मागणी आहे. षटकार गेला की मी असा ओरडतो की बाउंड्रीवरचा फिल्डरसुद्धा दचकतो. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मात्र कौतुक म्हणूनच सांगतोय. देवानं तोंड दिलंय, ते काय फक्त जेवायला?

पण माझ्या तोंडापेक्षा मोठी वस्तू आमच्या चिंचखारकडे होती, ती म्हणजे आमचं मैदान. खाडीच्या कडेला, नारळाच्या झाडांनी वेढलेलं. तिथं पूर्वी मिठागर होतं. ते बंद पडल्यावर माझ्या बाबांनी, नामा घरत यांनी, आपल्या सोबत्यांना घेऊन ती चिखलाची जागा भरून काढली. माती टाकायची, पाणी मारायचं, चोपायचं, पुन्हा माती टाकायची. चोपायला रोलर पाहिजे आणि रोलर घ्यायला कुणाच्या खिशात दमडी नाही. गावामागच्या टेकाडावर एक लांबट, गोल, काळा दगड झाडीत पडून होता. बाबांनी तो खाली आणला, दोन्ही टोकांना भोकं पाडून लोखंडी कणा बसवला, दांड्या जोडल्या आणि झाला रोलर. त्या दगडानं असं पिच केलं की बॉल कुठं पडून कुठं जाणार हे आंधळ्यानंही सांगावं.

त्या पिचवर आम्ही सहसा हरायचो नाही, आणि त्याचं श्रेय गाव रोलरला द्यायचं. टुर्नामेंटच्या पहिल्या दिवशी प्रमुख पाहुणा आमदार असो नाहीतर दहा ट्रेलरचा मालक, त्याला हार नंतर. आधी रोलरला हळदकुंकू, रोलरला हार आणि पहिला नारळ रोलरपुढं. ही पद्धत बाबांनी पाडली. एकदा एका पाहुण्याला राग आला होता. त्याला म्हटलं, तुम्ही पुढच्या वर्षी याल की नाही माहीत नाही, रोलर येणार आहे.

मग आमच्याकडे रेल्वे आली. म्हणजे यायची ठरली. ती आम्हाला हवीच होती. माझी मुलगी राही कॉलेजला जाताना कंटेनरच्या रांगेत रिक्षात अडकून बसायची आणि पहिलं लेक्चर रोज बुडायचं. आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली, घोषणा मीच दिल्या. शेवटी खाडीपर्यंतचा फाटा मंजूर झाला आणि चिंचखारला स्टेशन मिळालं. गावात पेढे वाटले.

लाइन टेकाडावरून जाणार होती. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. टेकाड म्हणजे काटेरी झुडपं, सापाची बिळं आणि चार शेळ्या. पण काम सुरू करण्याआधी जमिनीत जुनं काही आहे का ते तपासावं लागतं, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या सुचिता मॅडम आल्या. मूळच्या पालीच्या, वयानं राहीपेक्षा फार मोठ्या नसतील. डोक्याला रुमाल बांधून माणसं घेऊन त्या टेकाडावर बसल्या. कधी खुरप्यानं, कधी ब्रशनं माती काढायच्या. आम्ही खालून बघायचो आणि हसायचो.

पाऊस संपल्यावर त्यांचा अहवाल गेला आणि आमचं हसणं बंद झालं. टेकाडावरच्या मातीखाली देवळाचं जोतं निघालं होतं, शिलाहारांच्या काळातलं. रेल्वेचे इंजिनिअर पंचायतीत नकाशा घेऊन आले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गॅसची पाइपलाइन. लाइन सरकवायची तर एकच जागा, आमचं मैदान. ते म्हणाले, "मैदान ग्रामपंचायतीचं आहे. ग्रामसभेनं ठराव दिला तर टेकाड वाचवू. नाही दिला तर आधीच्याच आखणीनं जाऊ, सापडेल ते उचलून म्युझियमला नेतील." रविवारी सभा ठरली.

गावाला उत्तर माहीत होतं. आमच्या टीमचा कॅप्टन परेश, चार डंपरचा मालक आणि डोक्यानं गरम, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हितेशदादा, रविवारी माइक तुजे हातान. त्या टेकाडाला असा मार का बॉल परत गावला नाय पायजे."

"पहिल्याच ओव्हरला ऑलआउट करतो," मी म्हटलं. शब्द दिला. माझं सगळं नाव त्या मैदानावर झालेलं. मला कुठल्या जोत्याचं काय पडलं होतं?

शनिवारी सकाळी सुचिता मॅडम मैदानात आल्या. मी स्टेजवर बसून उद्याचं भाषण मनात घोळवत होतो. म्हटलं बरं झालं, आधी हिच्यावरच प्रॅक्टिस करू.

"टेकाडावरचे दगड गावात कुणी आणलेत का?" त्यांनी विचारलं. "एका खांबाची जागा रिकामी आहे. खांब कुठंच मिळत नाही."

"घराघरांच्या पायात असतील. घरं पाडून बघा," मी म्हटलं. एवढं तिरकस बोलायची गरज नव्हती, पण मी मूडमध्ये होतो.

तेवढ्यात पोरांनी पिचवर रोलर घेतला. अर्धी टीम दांड्यांना लागली आणि तो घडघडत आमच्याकडे आला. मॅडम बोलता बोलता थांबल्या. धावतच गेल्या, पोरांना थांबवलं आणि रोलरच्या टोकाशी गुडघ्यांवर बसल्या. तिथं दगड जरा आत गेलेला आहे, जमिनीला लागत नाही. त्या खाचेत एक नक्षी आहे, एकामागोमाग एक चाललेली पाखरं. लहानपणी आम्ही त्यांच्यावरून बोट फिरवायचो.

"ती आमची बदकं," मी म्हटलं.

"हंस आहेत," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "हा देवळाचा खांब आहे. मी दोन महिने ह्यालाच शोधतेय."

आता ओरडणार, असं मला वाटलं. देवळाचा खांब चिखलात फिरवता, भोकं पाडता, लाज नाही वाटत? मी उत्तरं तयार ठेवली होती. आम्ही काय मुद्दाम केलं? तेव्हा तुम्ही कुठं होता? पण त्यांचं बोट दगडाच्या तोंडावरच्या लाल डागावर थांबलं.

"हळदकुंकू कुणी लावलं?"

"आम्हीच. टुर्नामेंटला पहिला नारळ ह्यालाच असतो. बाबांनी सुरू केलं."

त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "म्हणजे देऊळ पडलं, पण ह्याची पूजा काही बंद पडली नाही," त्या म्हणाल्या.

माझी सगळी तयार उत्तरं वाया गेली. त्यांनी बोलावलं म्हणून मी टेकाडावर गेलो. कित्येक वर्षांत चढलो नव्हतो. वर सगळं झाडून लख्ख केलेलं. काळ्या दगडाचं जोतं, खांबांच्या बैठका, त्यातली एक रिकामी. खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या पायऱ्या होत्या आणि त्या मधोमध झिजलेल्या. मी चप्पल काढली आणि एका पायरीवर उभा राहिलो. माझा पाय त्या झिजलेल्या जागेत नीट बसला. इथं आपलीच माणसं चढून गेलीत, होडीतून उतरून, ओल्या पायांनी. ह्या खाडीच्या काठी आपण कालपरवा आलेले नाही. माझी छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्याच क्षणाला राग आला. मॅडमचा, रेल्वेचा, त्या दगडाचा. निवांत चाललं होतं माझं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते ओट्यावर जाळ्याचा दोरा ओवत बसले होते. ऐकून हात थांबला.

"म्हंजी आपन देवलाचा खांब वरीत व्हतूं?"

"व्हय. इतकी वर्षं तोच ओढत होतो."

"आन् देऊल ठेवला तं मैदान जाल?"

"जाईल."

ते दोरा पुन्हा ओवायला लागले. "तुना काय बोलाचा हाय ते बोल. मी येतंय सभेला." एवढंच. मैदान माझं नव्हतंच, त्यांचं होतं. त्यांच्या तरुणपणातले सगळे रविवार त्या मातीत होते.

सभा मैदानातच भरली, टुर्नामेंटच्या स्टेजपुढं. परेश आधी बोलला आणि टाळ्या घेऊन गेला. मग माइक माझ्या हातात आला. मनात घोळवलेलं भाषण मी बाजूला ठेवलं.

"मंडळी," मी म्हटलं, "दर वर्षी पहिला नारळ आपण कुणापुढं फोडतो?"

"रोलरपुढं!" पोरं ओरडली.

"तो रोलर टेकाडावरच्या देवळाचा खांब आहे. काल मॅडमनी दाखवला, मी डोळ्यांनी बघितला. त्याची जागा वर रिकामी आहे. आता आपण त्याचं घर मोडायचं, त्याला इथं ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्यापुढं नारळ फोडायचा. कुठल्या तोंडानं फोडायचा, ते मला कुणीतरी सांगा. माझं तोंड एवढं मोठं, पण तेवढं नाही."

सभेत गलका झाला. "देऊल म्युझियममंदी नेतील ना!" कुणीतरी मागून ओरडलं.

"नेतील. काचेत ठेवतील आणि आपण तिकीट काढून बघायला जाऊ. झिजलेल्या पायऱ्या कशा नेणार? खाडी कशी नेणार? मैदान आपल्या हातांनी झालंय. मनगटात जोर असेल तर परत होईल. ते देऊळ करणारा हात आज गावात कुणाचा आहे?"

परेश उभा राहिला, लालबुंद. "आरं, तुजे बापसानं केलेला मैदान हाय त्यो! तू कोन देनार? त्यालाच इचार!"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. माझीही. ते काठी टेकत उठले, आणि मी माइक पुढं केला तर हातानंच नको म्हणाले. त्यांना माइक लागत नाही, माझा आवाज आलाय तो तिथूनच.

"मैदान मी केला," ते म्हणाले. "रोलर व्हता म्हून केला. त्यानं आपलेसाठी लय काम केला. आता त्याला घरी जाऊ द्या."

आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. आधी त्यांच्या सोबतीतले म्हातारे, मग बाया, मग पोरं. परेश सभा सोडून तरातरा निघून गेला. ठराव झाला. मी स्टेजमागं जाऊन रडलो. वाईट वाटून की अभिमानानं, ते मला आजही सांगता यायचं नाही, पण जास्त अभिमानच असावा.

शेवटची टुर्नामेंट झाली. ती आम्ही हरलो, तेवढं नमूद करतो. दुसऱ्या दिवशी रोलर वर न्यायचा होता. मॅडमनी क्रेन सांगितली होती, पण पोरं ऐकेनात. आपला रोलर आपणच ओढायचा. मग मॅडमनी अटी घातल्या. दगडाला गोणपाट गुंडाळा, खाली फळ्या टाका, झटका द्यायचा नाही. सगळे कबूल झाले. डावी दांडी मात्र कुणी धरेना, कारण ती कायम परेशची. आम्ही थांबलो. तो आला, कुणाकडे बघितलं नाही, दांडी धरली आणि म्हणाला, "बघताव काय? वरा!"

मी कॉमेंट्री करत होतो. "आणि चिंचखारचा सर्वांत जुना खेळाडू पॅव्हेलियनकडे परत निघालाय!" असलं काय काय. टेकाडाची चढण लागली, दगड जड झाला, पोरांचे पाय घसरायला लागले. मी माइक राहीच्या हातात दिला आणि दोरीला लागलो. मागून बाबा नारळ घेऊन येत होते.

आता टेकाडाला कुंपण आहे. खांब त्याच्या बैठकीवर उभा आहे, सगळ्या अंगांनी जरा झिजलेला, कारण आम्ही त्याला वर्षानुवर्षं मातीत फिरवलं. मॅडमनी भोकंसुद्धा बुजवली नाहीत, म्हणाल्या, तीही आता त्याचीच. शेजारी लावलेल्या फलकावर शिलाहारांच्या काळाची ओळ आहे, आणि तिच्याखाली दुसरी: "पुढे नामा घरत व ग्रामस्थांनी चिंचखारच्या मैदानासाठी याचा रोलर केला." ती ओळ मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मी, राही आणि बाबा पहिल्या फेरीला बसलो. बाबांना खिडकी दिली. गाडी स्टेशनातून सुटली आणि मी डबाभर ऐकू जाईल असं सुरू केलं, "उजव्या बाजूला बघा मंडळी, आमचं हजार वर्षांचं देऊळ!" राही कुजबुजली, "पप्पा, हळू ना, सगळे बघतायत." बघू देत की, त्यासाठीच ओरडतोय.

पण बाबा देवळाकडे बघत नव्हते. ते मान खाली घालून पायाखालच्या फरशीकडे बघत होते, काहीतरी ऐकल्यासारखे. माझ्या लक्षात आलं, गाडी आता मैदानावरून चाललीय. बरोबर पिचवरून. मी गप्प झालो.

नारळाची झाडं मागं पडली तशी त्यांनी मान वर केली आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"बघलंस? जरा पन हलली नाय गाडी," बाबा म्हणाले. "खाली रोलिंग आपला हाय."