ढोकीतला समुद्र

"पोर झाल्यावर एखादीचं मन बधिर पडतं, महानंदा. तसं वाटलं तर गप्प बसू नको, कुणाला तरी सांग," असं रुद्रम्मा बाळंतपणाला आलेल्या आपल्या लेकीला मुरूमच्या घरी शेवया वळता वळता म्हणाली होती. महानंदानं हसून सोडून दिलं. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली पोर ती. आईची असली बोलणी तिला काजळाच्या टिळ्याच्याच पंगतीतली वाटायची.

मुलगी झाली, बारसं झालं, पाहुणे पांगले आणि महानंदा पोरीला घेऊन ढोकीला परतली. नवरा बसवराज साखर कारखान्यात केमिस्ट. कारखाना नवा, वसाहत नवी, भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. एका दुपारी पोर रडत होती आणि महानंदा दारात उभी राहून ते रडणं ऐकत होती. रडतंय ते आपलंच, हे कळत होतं. पाय मात्र उचलत नव्हते. स्टोवरचं दूध उतू गेलं, करपलं, तेव्हा तिनं आधी स्टो विझवला, पातेलं उतरवलं आणि मग पोरीला घेतलं. घाई कशाचीच झाली नाही. त्या घाई न होण्याचीच तिला नंतर भीती वाटली, आणि भीती वाटायलासुद्धा संध्याकाळ व्हावी लागली.

तेव्हापासून ती पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघू लागली. माया दाटून येऊन नव्हे. कडी लावली का, हे उठून पुन्हा बघावं, तसं.

शिकायला ती रत्नागिरीला मामांकडं होती. तिथं मागच्या पडवीत तिनं समुद्राच्या पाण्याची टाकी राखली होती, कॉलेज संपेपर्यंत एकही जीव मरू दिला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा सगळे परत खडकांत सोडले आणि टाकी पालथी घातली. उसाच्या मुलखात कुठला आलाय समुद्र, म्हणून तो विषय तिथंच मिटला.

आता तिनं स्वतःशी पैज घातली. हे जीव या कोरड्या रानात आपल्या हातून जगले, तर पोरही जगेल. नाही जगले, तर पोर आईच्या ओटीत घालायची आणि आपण बाजूला व्हायचं. हे ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली की जुना नाद पुन्हा करावासा वाटतो. तो हरखला. बायकोनं कितीतरी दिवसांत काही मागितलंच नव्हतं.

उस्मानाबादेहून लोखंडी चौकट करवून आणली, काचांच्या फटी लांबीच्या लुकणानं बुजवल्या. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून आतून डांबराचे हात दिले आणि वास जाईपर्यंत टाकी भरभरून ओतली. रत्नागिरीला साखर उतरवून रिकामा येणारा ट्रक मामांनी भरून दिलेल्या काचेच्या बरण्या घेऊन आला. ते पाणी महानंदानं घोंगडीखाली अंधारात ठेवून निवळू दिलं. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप मुंबईहून मागवला, वीज कारखान्याची होतीच. बसवराजनं साहेबांना विचारून उसाच्या रसाची घनता मोजायची काचनळी आणली, तीच तिनं समुद्राला लावली. पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं. म्हणून पातळी उतरली की कारखान्यातलं वाफ थंड होऊन जमलेलं बिनमिठाचं पाणी घालायचं. यातलं तिला काही आठवावं लागलं नाही. हात आपोआप चालले.

पुढच्या खेपेला जीव आले, ओल्या शेवाळात जपून ठेवलेले. दगडाला चिकटून बोटं पसरणारी समुद्रफुलं, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे आणि खडकाच्या रंगाचा बोटाएवढा मासा. ते रुळले, खाऊ लागले. महानंदाला बरं वाटायला हवं होतं. काचेपुढं स्टूल टाकून ती वाट पाहत बसायची. बरं वाटायचं नाही, वाईटही वाटायचं नाही. पंप घुरघुरत राहायचा.

पोरीला तेल लावायला गावातून अजीजाबी यायच्या. उंच, वाळलेल्या, एकट्या. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली नवरा आणि पोरगा गेला, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर ते कुणी काढत नसे. टाकी पाहून पहिल्या दिवशी त्यांनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, साहेबानं दर्या आणला खरा, पर घोटभर प्यायच्या बी कामाचा न्हाय. शंखातला खेकडा त्यांना लई आवडला. दुसऱ्याच्या घरात ऱ्हातो आन् भाडं देत न्हाय, म्हणून त्याला त्या जावई म्हणायच्या. महानंदा हसायची, म्हणजे ओठ हलवायची. अजीजाबींचे हात पोरीच्या पाठीवर असायचे आणि डोळे महानंदावर.

एकदा तेल लावून झाल्यावर, पोरीला दुपट्यात बांधता बांधता, वर न बघता त्या बोलल्या. "पोरगा गेला तवा म्या बी आसंच बसत हुते, बाई. भिताडाकडं बगत. तुमी काचंकडं बगताव, एवढाच फरक."

महानंदा म्हणाली, तसं काही नाही, झोप कमी होते.

त्यानंतरच्या एका दुपारी ती अशीच स्टुलावर बसली होती. अजीजाबी स्वयंपाकघरात गेल्या आणि मुठी वळून बाहेर आल्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. काहीतरी पुटपुटत त्यांनी मुठी महानंदाच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवल्या. अशी उतरवलेली नजर चुलीत टाकायची असते. या घरात चूल नव्हती, स्टो होता. अजीजाबी घटकाभर इकडंतिकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यांना सुचलं असावं की मीठ दर्याचंच, दर्याला पोचवावं. टाकीवरची काच सरकवून त्यांनी दोन्ही मुठी पाण्यात सोडल्या.

महानंदा बघत होती. हात पुढं झालेला तिनं पाहिला. नको, असा एकच शब्द हवा होता. तो तिच्याजवळ होता, पण तोंडापर्यंत आला नाही. मिरच्या वर तरंगल्या. मोहरी तळाशी गेली.

तिला वाटलं, आता उठून गाळून घ्यावं, पाणी बदलावं, घोंगडीखाली अजून बरण्या आहेत. ती बसून राहिली.

सकाळी समुद्रफुलं दगडावरून सुटून बुळबुळीत झाली होती. मासा उताणा होता. खेकडे शंख सोडून उघडे बाहेर पडले होते. फार त्रास झाला की ते घर सोडतात, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं.

अजीजाबी तेलाची वाटी घेऊन आल्या आणि काचेपाशी थबकल्या.

"माज्यानं झालं ह्ये?"

महानंदा काचेवरचा ओघळ बोटानं पुसत राहिली.

"पोरीची न्हवती वो उतरवली," त्या म्हणाल्या. "तुमची उतरवली."

महानंदानं मान वर केली नाही. रागावली होती असं नाही. बोलायला आत काही सापडत नव्हतं. अजीजाबींनी वाटी खाली ठेवली, पोरीच्या गालावर बोटं फिरवली आणि दार लोटून निघून गेल्या.

पैज हरली होती. आता बाजूला व्हायचं, एवढंच उरलं होतं. महानंदा ते आत कुठंतरी जाणवण्याची वाट बघत बसली. तेवढ्यात पोर रडली. ती उठली, पोरीला मांडीवर घेऊन पाजू लागली. निम्मं पाजून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज पाय उचलले होते. आनंद झाला नाही. नुसतं ध्यानात आलं.

संध्याकाळी बसवराजनं मेलेली टाकी पाहिली. मामांना कळवू, परत ट्रक येईल, असं म्हणाला. ती म्हणाली, "ट्रक नको. मला काहीच वाटत नाही. पोरीचंही वाटत नाही." तो टाकीच्या कडेला हात टेकून उभा राहिला. चौकटीच्या गंजाचा पट्टा त्याच्या तळव्यावर उठला. मग त्यानं पोरीला तिच्याकडून घेतलं आणि उद्या मुरूमला जाऊ, म्हणाला.

निघण्यापूर्वी ती पोरीला कडेवर घेऊन गावात अजीजाबींच्या घरी गेली. तुमच्यामुळं नाही, मी बघत होते, एवढं सांगायचं होतं. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, बहिणीच्या पोराकडं तेरला गेली असंल. काल आली ती भाकरी बी न थापता बसून हुती, कुणाशी बोलली न्हाय.

महानंदा आता मुरूमला आहे. पोर रांगते. आई दोघींना नजरेआड होऊ देत नाही, म्हणून तेरला जाणं तिला इतक्यात जमायचं नाही. निरोप धाडला होता, तो पोचला की नाही कळलेलं नाही. तर तुम्ही तेरच्या बाजूचे असाल, नाहीतर त्या वाटेच्या एस.टी.त बसणार असाल, तर तेवढं उतरा. नदीच्या अंगाला मुसलमानांची घरं आहेत, तिथं ढोकीच्या अजीजाबी म्हणून विचारा. पाण्याचं, माशांचं काही काढू नका. त्या जेवतात का, कुणाशी बोलतात का, की भिंतीकडं बघत बसतात, तेवढं जरा आत जाऊन बघा.