काकूंचे टोमॅटो

काकूंच्या धाकट्या जावेनं झाड बुंध्याशी धरून जोरात ओढलं, तशी मुळांबरोबर मातीतून सहा-सात बटाटे वर आले. फांद्यांना हिरवी गोल फळं लोंबत होती, काकूंनी आठवडाभर साऱ्या गल्लीला कौतुकानं दाखवलेली.

"ताई, हे बघा! माझे बटाटे! कुजले म्हणालात ना तुम्ही?"

काकू हातातली झारी खाली ठेवायलाही विसरल्या. त्या वाफ्यात त्यांनी टोमॅटोचं बी टाकलं होतं, स्वतः सावलीत सुकवून ठेवलेलं. कोंब दिसले तेव्हा ते आपलेच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. जावेनं तिथेच मोड आलेले बटाटे पुरले होते खरे. पण तिच्या हातानं आजवर काही जगलंय का? पुढे फुलं आली ती पांढरी-जांभळी. "टोमॅटोची फुलं पिवळी असतात ना हो?" असं जाऊ दबकत म्हणालीही होती. "नवी जात आहे ही. तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून काकूंनी तिचं तोंड बंद केलं होतं.

जावेनं हात झटकून मोबाइल काढला आणि बराच वेळ वाचत राहिली.

"बटाट्यालाही फळ येतं म्हणे. आत बीसुद्धा असतं. अगं बाई! विषारी असतं हे! उलट्या होतात, शिजवलं तरी विष जात नाही. बरं झालं, आपण तोडली नव्हती. कुणाला दिली नाहीत ना तुम्ही?"

"छे!" काकू म्हणाल्या.

दिली होती. शनिवारी वाडगाभर तोडून समोरच्या टेलरबाईंकडे स्वतः नेऊन दिली होती. आंबट भाजी त्या घरात एकट्या टेलरबाईंनाच आवडते. रविवारी पहाटेपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. आणि ठपका बसला तो सुनेवर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं पोरीच्या. शिळंपाकं घालते, भांडी नीट विसळत नाही, माहेरी काही वळणच लावलेलं नाही, एक ना दोन. काकूंनी दिलेल्या भाजीवर शंका घ्यायची कुणाची बिशाद? गल्लीत कुणाची कुंडी सुकली तरी लोक त्यांना विचारायला येत.

काकूंनी उरलेली झाडं उपटून पुरून टाकली आणि मूग गिळून बसल्या. टेलरबाई बऱ्या झाल्या ना, मग आता कशाला उकरून काढायचं? सुना बोलणी खातातच, आपण नाही का खाल्ली? असं दिवसभर मनाशी घोकायच्या, आणि तरी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. समोरच्या अंगणात सून भांडी घासत असे. शुक्रवारी टेलरबाईंनी एक पातेलं उजेडात धरून पाहिलं आणि घासलेली सगळी भांडी पुन्हा तिच्यापुढे सारली. ती तिसरी खेप होती. पोरीनं मुकाट्यानं बाह्या वर सारल्या. काकूंना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या चपला न घालताच रस्ता ओलांडून गेल्या.

टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या.

"ते टोमॅटो नव्हते," काकू दारातूनच म्हणाल्या. "बटाट्याची फळं होती, विषारी. तुमचं सगळं दुखणं माझ्यामुळे. मला सोमवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसले."

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. मग त्या हसल्या.

"अहो काकू, एवढंच ना? तुम्ही काय मुद्दाम दिलीत? चूक काय, माणसाच्याच हातून होते. बसा बघू. अगं, काकूंना पाणी आण!"

सुनेनं पाणी आणलं. टेलरबाईंनी तिच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही, पुन्हा कापडाची शिवण जुळवू लागल्या. काकूंनी पेला तसाच खाली ठेवला. चांगलं खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

निघताना सून फाटकापर्यंत आली.

"मला रविवारीच संशय आला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "वाडग्यात एक उरलं होतं, ते कापून बघितलं. टोमॅटोसारखं वाटेना. घरात सांगितलं, तर म्हणाले, आता काकूंवर ढकलतेस होय?"

"अगं, मग माझ्याकडे यायचंस!"

"तुम्ही रोज खिडकीत दिसायचात. वाटायचं, तुम्हीच याल."

काकूंनी तिचा हात धरला. भांड्यांच्या पाण्यानं तो पांढरा पडला होता.

"चुकले गं मी. तुझ्या आईला भेटते. आत्ता जाते. पोरीला वळण नाही म्हणाले ना हे लोक, तुझ्या आईसमोर कान पकडते."

"नको काकू." पहिल्यांदाच पोरीचे डोळे भरून आले. "काल सासूबाईंनी बोलावून घेतलं होतं तिला. माझ्यासाठी हात जोडून माफी मागून गेली. मी सांगत होते, आई, माझी नाही चूक. ती म्हणाली, बाळ, खोटं बोलू नकोस, एवढं कबूल कर आणि सुखानं राहा."

"म्हणून तर सांगायला हवं!"

"माझंच खरं होतं हे कळलं तर तिला जन्मभर लागून राहील. तिच्यापुरती ती माझीच चूक असू दे."

काकूंनी धरलेला हात सोडला आणि मानेनंच बरं म्हटलं.