तिसरी हाक

मी दगड बोलतोय. दचकू नका, घाबरायचं काम सध्या माझ्याकडेच आहे.

खाणीतून आणून पाथरवटाने मला तासलं, घासलं आणि माझ्यावर एका सैनिकाचं नाव कोरलं. छिन्नीचे घाव मी निमूट सोसले. नाव इतकं ठसठशीत उमटलं, की मी थोडा मिरवलोसुद्धा. त्या सैनिकाचा देह सापडलाच नव्हता, घरी नुसतं पत्र आलं होतं, हे नंतर कानावर आलं आणि माझी घाबरगुंडी उडाली.

इथली रीत अशी, की सैनिकाचा दगड रोवण्याआधी घरच्या माणसाने त्यावर हात ठेवून तीन हाका मारायच्या. ओ आली नाही, तर माणूस गेला असं धरायचं आणि दगड खड्ड्यात उभा करायचा. रोवलेला दगड पुन्हा कुणी काढत नाही. रोवेपर्यंत त्याचं तोंड भिंतीकडे ठेवतात.

पहिल्या वर्षी त्याची आई आली. माझ्यावर तळहात टेकवून तिने हाक मारली, "धाकट्या!" जरा थांबून पुन्हा, "धाकट्या रे!" मग हात काढून घेत पाथरवटाला म्हणाली, "आज घसा बसलाय माझा. पुढच्या वर्षी बघू."

घसा चांगला ठणठणीत होता. पाथरवटाने "बरं, आजी" म्हणत मला पुन्हा भिंतीकडे वळवलं. त्यानंतर दर वर्षी दोन हाका आणि एक नवी सबब. मी भिंतीकडे तोंड करून सुखात होतो.

आज सहा वर्षांनी तिच्यासोबत सून, म्हणजे त्या सैनिकाची बायको, आली आहे. खड्डा तयार आहे, मला काठावर आणून टेकवलंय. सून भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, दार वाजलं की धावते मी. कधी दूधवाला असतो, कधी पोस्टमन. आता नाही हो धाववत."

सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यापायी तूही अडकलीस गं," म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

दोन हाका मारून झाल्यात. हात अजून माझ्यावरच आहे. त्या पोरीची सुटका व्हावी असं मलाही वाटतं, पण मी उभा राहिलो की एक माणूस कायमचा मेला, या धास्तीने माझा जीव अर्धा झालाय.

म्हातारीने श्वास घेतलाय. अरे बाबा, असशील तिथून ऐक. तुझं नाव घासून माझी पायरी केली तरी चालेल मला. पण आई हाक मारतेय, ओ दे.